४१७ नंबरची चार पुस्तकं

आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीत सध्या एकच विषय गाजतोय: जुना डेटाबेस टाकायचा आणि नवीन सॉफ्टवेअर घ्यायचं. परवाच्या बैठकीत सगळ्यांनी हात वर केले, मी केला नाही. "सर, त्या खटाऱ्याशी रोज झटापट तुम्हीच करता, आणि विरोधही तुमचाच?" असं अध्यक्षांनी विचारलं. खरं तर माझा विरोध नव्हता. पण जे सांगायचं होतं ते दोन वाक्यांत बसणारं नव्हतं, आणि तेवढ्यात चहा आला. म्हणून इथे लिहितो. घरच्या मंडळींना यातली अर्धी हकीकत ठाऊक आहे. उरलेली अर्धी मी आजवर फारशी कुणाला सांगितलेली नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. आमचा कारभार २००४ पासून मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसच्या एका फाइलमध्ये आहे. त्याआधी तो फॉक्सप्रोमध्ये होता, आणि त्याच्याही आधी लाल कापडी बांधणीच्या वह्यांमध्ये. ॲक्सेसची फाइल गावातल्याच एका हौशी मुलाने बनवून दिली. पुढे त्याला नोकरी लागली आणि तो गेला, जसं सगळीकडे होतं. २००८ साली मी शाळेतून निवृत्त झालो, आणि "सर, तुम्हाला टायपिंग येतं ना?" एवढ्या एका पात्रतेवर ती फाइल माझ्या गळ्यात पडली.

त्या फाइलमध्ये मुख्य तक्ते तीन. एकात पुस्तकं, म्हणजे आपली दाखल नोंदवहीच. दुसऱ्यात सभासद. तिसऱ्यात देवघेव, म्हणजे आज कोणती पुस्तकं कुणाकडे आहेत. पुस्तक परत आलं की देवघेवीतली ती ओळ निघून जाते. गंमत अशी, की या देवघेवीत ना पुस्तकाचं नाव असतं ना माणसाचं. ४१७ नंबरच्या सभासदाने ८२३६ दाखल क्रमांकाचं पुस्तक अमुक तारखेला नेलं, इतकंच. ४१७ म्हणजे कोण, ते सभासदांच्या तक्त्यात जाऊन बघायचं. माहिती एकाच जागी लिहायची आणि बाकी ठिकाणी तिच्या क्रमांकाने तिला ओळखायचं, ही पद्धत ज्या विचारावर उभी आहे तो एडगर कॉड यांचा. आयबीएममध्ये असताना १९७० साली त्यांनी तो एका निबंधात मांडला. पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटला, पण जगातला बराचसा हिशेब अजून त्याच पायावर चालतो.

या पद्धतीचं बळ आणि धोका एकाच जागी आहे. देवघेवीत ४१७ लिहिलंय आणि सभासदांच्या तक्त्यात ४१७ नावाचं कुणीच नाही, असं झालं तर ती ओळ अनाथ होते. तसं होऊ नये म्हणून एक अट घालता येते: ज्याच्या नावावर पुस्तक बाकी आहे त्याला यादीतून काढता येणार नाही. ॲक्सेसमध्ये दोन तक्त्यांचं नातं दाखवणारी एक खिडकी असते. तिथल्या एका छोट्या चौकटीत बरोबरची खूण केली की झाली अट लागू. आमच्या त्या हौशी मुलाने ती खूण केली होती.

ती काढली मी.

२०१२ सालचा पावसाळा. आमचे एक जुने सभासद, निवृत्त पोस्टमास्तर, वारले. त्यांचे चिरंजीव सभासदत्व बंद करण्याचा अर्ज घेऊन आले. अनामत परत द्यायची होती. मी नाव काढायला गेलो, तर पडद्यावर इंग्रजीत सूचना आली. तिचा मथितार्थ असा, की या नोंदीशी जोडलेल्या नोंदी दुसऱ्या तक्त्यात आहेत, म्हणून ही काढता येणार नाही. मी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. बाहेर लोडशेडिंगची वेळ होत आलेली, यूपीएसची बॅटरी जेमतेम दहा मिनिटं टिकणारी, समोर सुतकातला माणूस उभा. मला वाटलं, फाइल जुनी झालीये, कुठेतरी अडकतेय. त्या वर्षात ती तीनदा बिघडली होती, त्यामुळे तिच्या तक्रारींवरचा माझा विश्वासच उडाला होता. मी नात्यांची खिडकी उघडली आणि ती खूण पुसून टाकली. नाव निघालं. अनामत दिली. मीही खूश, मशीनही गप्प.

आज मागे वळून पाहतो तेव्हा कळतं, की ती सूचना म्हणजे बिघाड नव्हताच. मशीन मला स्वच्छ सांगत होतं, "गुरुजी, या गृहस्थांकडे आपली चार पुस्तकं आहेत." मी ते ऐकलं नाही, उलट त्याचं तोंडच बंद केलं. आणि खूण एकदा पुसली ती पुसलेलीच राहिली. त्यानंतर ज्या ज्या सभासदाचं नाव काढलं, त्याच्याकडे पुस्तकं बाकी आहेत का, हे मशीनने पुन्हा कधी विचारलं नाही.

आता दुसरी चूक. आमच्याकडे वाचक कार्डांची पाचशे खणांची लाकडी पेटी आहे. खण मोकळा झाला की तोच नंबर नव्या सभासदाला द्यायचा, ही वह्यांच्या काळापासूनची पद्धत. २०१६ साली नववीतला एक मुलगा सभासद झाला आणि त्याला ४१७ नंबर मिळाला. मुलगा नियमित यायचा. शास्त्राची, यंत्रांची पुस्तकं न्यायचा आणि वेळेवर आणून द्यायचा. रोजची देवघेव आम्ही पुस्तकाच्या दाखल क्रमांकावरून करतो. एखाद्या सभासदाकडची सगळी बाकी एकत्र बघायची वेळ येते ती त्याचं खातं बंद करतानाच. त्यामुळे दोन वर्षं कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

२०१८ साली तो दहावी झाला. तालुक्याला आयटीआयला जायचं म्हणून दोनशे रुपये अनामत परत मागायला आला. मी बाकी काढली, तर चार पुस्तकं.

"सर, ही मी नेलीच नाहीत."

"अरे, कॉम्प्युटर काय खोटं बोलेल का?"

हे वाक्य माझं. मागे चार माणसं उभी होती. पुस्तकांची किंमत अनामतीपेक्षा जास्त होती, तेव्हा पैसे मिळणार नाहीत, उलट उरलेली रक्कम भरावी लागेल, असंही मी ऐकवलं. पोरगं काही न बोलता निघून गेलं. ती चारही पुस्तकं संतवाङ्मयावरची, जाडजूड. सोळा वर्षांचा, यंत्रांच्या पुस्तकात रमणारा मुलगा ज्ञानेश्वरीवरची दोन भाष्यं एका वेळी कशाला नेईल, हा प्रश्न आयुष्यभर मुलांत वावरलेल्या माणसाला पडायला हवा होता. बरं, ते राहू द्या. नेल्याची तारीख पडद्यावर शेजारच्याच रकान्यात होती. २०१२. मुलगा सभासद झाला २०१६ साली. ती मी वाचली नाही. मी फक्त नंबर वाचला.

२०१९ च्या मे महिन्यात फाइल उघडेचना. वीज गेली तेव्हा ती उघडीच होती आणि बॅटरीने त्या दिवशी दोन मिनिटंही साथ दिली नाही. मी पुण्याला पुतण्याला फोन लावला. त्याचं कामच हे. आजवर अशा वेळी मी सरळ ॲक्सेसमधली 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' ही आज्ञा चालवत असे आणि फाइल उघडली की देवाला नमस्कार करून मोकळा होत असे. पुतण्या म्हणाला, "काका, थांबा. आधी फाइलची कॉपी करा. मूळ फाइलला हात लावायचा नाही. जे करायचं ते कॉपीवर."

त्या दोन दिवसांत फोनवरून त्याने मला जे शिकवलं ते इथे मांडतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

पहिलं, फाइल उघडी असताना तिच्या शेजारी त्याच नावाची आणि शेवटी एलडीबी अशी अक्षरं असलेली एक छोटी फाइल तयार होते. आत कुणीतरी आहे, याची ती खूण. शेवटचा माणूस नीट बाहेर पडला की ती आपोआप जाते. सगळे घरी गेले तरी ती तिथेच असेल, तर कुणीतरी दार न लावता गेलंय असं समजायचं.

दुसरं, नोंदी काढल्या म्हणून फाइल लहान होत नाही. मोकळी झालेली जागा आतच पडून राहते. 'कॉम्पॅक्ट' ही आज्ञा सगळं नव्या फाइलमध्ये नीट रचून लिहिते आणि सूची नव्याने बांधते. आमची १८० एमबीची फाइल २६ एमबीवर आली. ॲक्सेसच्या फाइलला २ जीबीची मर्यादा असते. आम्ही तिच्यापासून लांब होतो, पण गठ्ठा जितका विस्कळीत तितकं बिघडण्याचं भय जास्त.

तिसरं, आणि हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं: दुरुस्तीमध्ये जी ओळ वाचता येत नाही ती टाकून दिली जाते. क्रमांक दुबार झाले असतील तर ते एकमेव असण्याची अटही गळून पडू शकते, आणि तिच्याबरोबर तक्त्यांमधलं नातंही. वर फाइल छान उघडते! म्हणून दुरुस्तीनंतर नोंदी मोजायच्या आणि अटी जागेवर आहेत का ते बघायचं. आम्ही मोजल्या. पुस्तकांच्या तक्त्यात आदल्या महिन्याच्या कॉपीपेक्षा दोन कमी भरल्या. त्या दोन्ही आम्ही कागदी दाखल नोंदवहीवरून पुन्हा लिहिल्या. कागदाने कॉम्प्युटरला तारलं म्हणायचं.

मग पुतण्या म्हणाला, "काका, हे नातं दिसतंय, पण अट लागू नाही. कुणी काढली?"

थोडा वेळ मी गप्प होतो. मग म्हटलं, "मी."

त्याने ती खूण पुन्हा करायला सांगितली. ॲक्सेसने नकार दिला: आत असलेली माहितीच नियम मोडते आहे, आधी ती नीट करा. मग जोडी नसलेल्या नोंदी शोधणारी क्वेरी चालवली. ॲक्सेसमध्ये ती तयारच मिळते. एकोणसाठ ओळी निघाल्या. एकोणसाठ पुस्तकं अशा नंबरांकडे होती, ज्या नंबरांचं कुणीच नव्हतं. मी वहीत उतरवून घेत होतो, तेवढ्यात त्याने विचारलं, "तुम्ही जुने नंबर नव्या लोकांना देता का?"

"देतो."

"मग ही यादी अपुरी आहे."

क्षणभर मला अर्थ लागला नाही. मग लागला. नंबर पुन्हा कुणाला दिला की अनाथ ओळीला नवा बाप मिळतो. मग ती अनाथांच्या यादीत येतच नाही. तक्त्यांच्या हिशेबाने सगळं बरोबर, फक्त माणूस चुकीचा. मग दुसरी क्वेरी लिहिली: जिथे पुस्तक नेल्याची तारीख सभासद होण्याच्या तारखेच्या आधीची आहे अशा ओळी काढ. सात निघाल्या. त्यातल्या चार ४१७ च्या.

त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी दोनशे रुपये घेऊन त्या मुलाच्या घरी गेलो. तो आयटीआयला गेलेला, आई घरी होती. मी घडलं ते सांगितलं. त्या माऊलीने मला पाणी दिलं आणि म्हणाली, "सर, त्यानं घरी येऊन सांगितलं होतं, मी नेली नाहीत म्हणून. मीच त्याला बोलले. म्हटलं, सर म्हणतात म्हणजे तूच विकली असशील." यावर मी काय बोलणार? महिन्याभराने तो मुलगा सुट्टीत आला तेव्हा पुन्हा गेलो. त्याने मान डोलावली, आणि एवढंच विचारलं, "मग ती पुस्तकं कुठे आहेत, सर?" योग्य प्रश्न. मी वर्षापूर्वी विचारायला हवा होता तो. पोस्टमास्तरांच्या घरच्या ट्रंकेत तीन सापडली. चौथं अजून मिळालेलं नाही.

असो. आता मूळ मुद्द्याकडे वळतो.

कार्यकारिणीला वाटतं की जुनं सॉफ्टवेअर म्हणून चुका होतात, नवं आणलं की चुका संपतील. नव्याबद्दल माझी तक्रार नाही. कोहाचं नाव सगळे घेतात. न्यूझीलंडमधल्या वाचनालयासाठी ते तयार झालं, २००० सालापासून वापरात आहे आणि फुकट मिळतं. ॲक्सेसची फाइल चार कॉम्प्युटरवरून एकदम उघडणं, आणि तेही वायफायवरून, हे धोक्याचंच. ते सोडायला हवं. पण फाइल बदलल्याने आतली माहिती खरी होत नाही. ४१७ च्या त्या चार ओळी नव्या घरातही त्याच पोराच्या नावावर राहायला गेल्या असत्या.

आणि तिथेही तोंड बंद करायची सोय आहेच. कोहा ज्या मायएसक्यूएल जातीच्या डेटाबेसवर चालतं, त्यात बाहेरून माहिती भरताना नात्यांची तपासणी तात्पुरती थांबवता येते. भरणाऱ्याला ते सोयीचं पडतं. पण तपासणी पुन्हा सुरू केली, तरी मधल्या काळात आत शिरलेल्या ओळी ती मागे जाऊन तपासत नाही. हे पुतण्याने मला दोनदा समजावून सांगितलं, कारण पहिल्यांदा माझा विश्वासच बसला नाही. त्याच डेटाबेसमध्ये पूर्वी सर्रास वापरात असलेला मायआयसॅम नावाचा प्रकार तर नात्याची अट लिहून घ्यायचा आणि पाळायचा मात्र नाही. लिहिणाऱ्याला वाटायचं, अट आहे.

मला सगळ्यात प्रामाणिक वाटलं ते मायक्रोसॉफ्टच्याच मोठ्या डेटाबेसमधल्या, एसक्यूएल सर्व्हरमधल्या, दुरुस्तीच्या पर्यायाचं नाव: 'रिपेअर अलाऊ डेटा लॉस'. म्हणजे दुरुस्ती करतो, पण माहिती गमावण्याची तयारी ठेवा. ही दुरुस्ती झाल्यावर अटी पाळल्या गेल्यात का ते वेगळं तपासा, असंही तिथे सांगितलेलं असतं. दुरुस्ती म्हणजे फाइल उघडणं. ती खरं बोलते का, हे माणसालाच बघावं लागतं.

कॉड यांनी १९८५ साली रिलेशनल म्हणवणाऱ्या डेटाबेससाठी बारा नियम सांगितले. त्यातल्या एकाचा आशय असा, की माहितीच्या शुद्धतेच्या अटी डेटाबेसमध्येच नोंदलेल्या असाव्यात, वापरणाऱ्या प्रोग्राममध्ये विखुरलेल्या नसाव्यात. मला शिक्षक म्हणून हे फार पटलं. माणूस बदलतो, घाईत असतो, लोडशेडिंग असतं. अट मात्र जागेवर राहिली पाहिजे. वर्गात चूक दाखवणारा मुलगा कधी कधी त्रासदायक वाटतो. त्याला गप्प बसवलं की वर्ग शांत होतो, पण फळ्यावरचं गणित चुकीचंच राहतं.

मान्य आहे, की प्रत्येक सूचना अशी सोन्याची नसते. फाइल खरोखरच बिघडल्याच्या सूचनाही येतात, आणि वैतागलेल्या माणसाला दोन्ही सारख्याच दिसतात. ज्या वर्षी फाइल तीनदा मोडली त्याच वर्षी मी खरी सूचना पुसली, हा योगायोग नव्हता. बॅटरीला पैसे नव्हते म्हणून फाइल मोडत होती, मोडत होती म्हणून मी तिचं ऐकेनासा झालो होतो. नव्या सॉफ्टवेअरसाठी आम्ही देणग्या जमवू, उद्घाटन करू, नारळ फोडू. यूपीएसच्या बॅटरीला मात्र अंदाजपत्रकात वेगळं शीर्षक नाही. देखभालीचं उद्घाटन होत नाही ना!

तेव्हा पुढच्या बैठकीत मी हात वर करणार आहे, पण तीन गोष्टी ठरावात लिहून घेणार आहे. माहिती नव्या घरी नेण्याआधी दोन्ही क्वेरी चालवायच्या, आणि निघालेली प्रत्येक ओळ माणसाला भेटून मिटवायची. एकदा दिलेला सभासद क्रमांक पुन्हा कुणाला द्यायचा नाही, पेटी अपुरी पडली तर पडो. आणि कोणतीही अट काढायची वेळ आलीच, तर कुणी काढली, कधी काढली, का काढली आणि परत कधी लावणार, हे वहीत सहीनिशी लिहायचं.

ती वही मी २०१९ पासून ठेवली आहे. पहिल्या पानावर २०१२ ची नोंद आहे, उशिरा केलेली, पण माझ्या सहीची. ४१७ चा खण तेव्हापासून रिकामा आहे. ग्रंथपाल बाई अधूनमधून विचारतात, "सर, देऊ का कुणाला?" मी नाही म्हणतो.